बाबांसाठी घेतलेला कंट्रोलर

ऑफिसात तिला पाठीमागे 'तक्तावाली' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या खरेदी विभागात तिनं अठरा वर्षं काढली होती. खाटांपासून क्ष-किरणांच्या यंत्रापर्यंत एकही वस्तू तिच्या तक्त्यातून गेल्याशिवाय दारातून आत येत नसे. वर कंपन्यांची नावं, डावीकडे वस्तूचे गुण, प्रत्येक चौकटीत बरोबर किंवा फुली, आणि तळाशी निकाल. कधी एखादा डॉक्टर येऊन म्हणे, "मॅडम, ते दुसरं यंत्र माझ्या हाताला बरं वाटतं." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "हाताला बरं वाटतं असा रकानाच नाही माझ्याकडे, डॉक्टर." ह्या वाक्यावर ती स्वतःच भारी खूश होती.

तिचे वडील तिला 'साहेब' म्हणायचे. ते एका छापखान्यात एकतीस वर्षं मशीनमन होते, म्हणजे छपाईचं यंत्र चालवायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या नखांच्या कडेची शाई काही गेली नव्हती. स्वभावानं कमी बोलणारे, पण बोलले की चिमटा काढणार. लेकीनं घरात नवा मिक्सर आणताना आठ दिवस तक्ता केला, तेव्हा ते आईला म्हणाले होते, "बरं झालं, माझ्याशी लग्न करताना तू हिला विचारलं नाहीस."

एका संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन ते उगाच खोलीत दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "साहेब, एक काम होतं."

"बोला की."

"छापखाना बंद होतोय. मशीन भंगारात जाणार. त्याआधी मालकांनी सगळ्या जुन्या माणसांना बोलावलंय. आमच्या तिथल्या जुन्या बाइंडरचा फोन आला होता. म्हणाला, गाणी तूच लावायचीस."

ह्यात नवल काही नव्हतं. दर वर्षी छापखान्याचं स्नेहसंमेलन होई, आणि त्यात गाणी लावायचं काम बाबांचं असे. दोन टेपरेकॉर्डर आणि मध्ये आवाज मिसळायची एक छोटी पेटी, एवढ्या सामानावर ते एका गाण्यातून दुसऱ्यात असे शिरायचे की नाचणाऱ्याचा पाय थांबत नसे. लहानपणी ती टेबलाखाली बसून ते बघायची. ती पेटी केव्हाच बिघडली आणि टेप कपाटावर गेले. त्यानंतर बाबा ह्या वाटेला गेले नव्हते.

"ह्या वेळी मला एक वेगळं करायचंय," ते म्हणाले. "मशीन शेवटची चालली त्या दिवशी मी जाऊन तिचा आवाज टेप करून आणलाय. तुझ्याच फोनवर. पाच मिनिटांचा. आधी मशीन सुरू होईल, लोक ओळखतील, आणि मग वरून गाणं येईल. मशीनच्या ठेक्यावर. सगळ्यांसमोर, हातानं जुळवायचं."

"हातानं कशाला?"

"रजिस्टर जुळवतो तसं गं. चार रंग एकामागून एक छापले जातात, ते एकावर एक नेमके बसले पाहिजेत. नाहीतर चित्रातल्या बाईला दोन नाकं येतात." ते हसले. "आता म्हणे लॅपटॉपला जोडायची यंत्रं मिळतात. मला त्यातलं कळत नाही. तू बघशील?"

तिला मनापासून आनंद झाला. बाबांनी आयुष्यात तिच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ती त्याच दिवशी कामाला लागली. गाणी मिसळायच्या ह्या यंत्राला कंट्रोलर म्हणतात, त्यावरच्या दोन गोल चकत्या कशासाठी, सॉफ्टवेअर कोणतं सोपं, रीमिक्ससाठी वेगळं लागतं की त्यातच भागतं, सगळं तिनं वाचून काढलं. तक्ता झाला चौदा रकान्यांचा. तो छापून, कडेला छिद्रं पाडून तिनं फाइलला लावला, आणि शनिवारी बाबांना घेऊन दुकानात गेली.

दुकानदार टक्कल पडलेला, धीराचा माणूस होता. पूर्वी स्वतः लग्नाकार्यात गाणी वाजवायचा. त्यानं तिच्या फाइलकडे एकदा बघितलं आणि बाबांनाच म्हणाला, "काका, वाजवून बघा. त्याशिवाय कळत नाही."

समोर दोन यंत्रं होती. एक जुन्या घाटाचं, जड, बटणं मोजकी. दुसरं नवं कोरं. त्यावर सोळा दिवे लुकलुकत होते, हमी जास्त वर्षांची होती, सोबत सॉफ्टवेअर होतं, आणि मुख्य म्हणजे सिंक होतं. एक बटण दाबलं की दोन गाण्यांची गती यंत्र आपणच जुळवून देणार. तिच्या तक्त्यात नव्याला बारा बरोबर होते आणि जुन्याला सात.

बाबांनी जुन्या यंत्राचा हेडफोन उचलला आणि एकच बाजू उजव्या कानाला लावली. मग ते त्यावरचं एक बारकं गोल बटण इकडून तिकडे फिरवत बसले. दोन गाणी चालू होती. बाबांनी डोळे मिटले, दुसऱ्या हातानं चकती जरा मागे, जरा पुढे ढकलली आणि एकदम थांबले. त्यांचा चेहरा उजळला. दुकानदार नुसती मान डोलवत होता.

"बाबा, ह्याला सिंक नाहीये," ती म्हणाली.

"हे बटण त्या नव्याला आहे का?"

"कसलं बटण?"

"हे. ह्यानं दोन्ही गाणी कानात एकत्र ऐकू येतात. कमीजास्त करता येतात."

दुकानदारानं सांगितलं, "त्याला क्यू मिक्स म्हणतात. नव्याला नाही, त्याच्या सॉफ्टवेअरमध्येपण नाही. तसं बरेच लोक ते वापरत नाहीत म्हणा. पुढचं गाणं एका कानात, आणि चालू असलेलं दुसऱ्या मोकळ्या कानानं ऐकतात."

"बघा!" ती म्हणाली. "आणि सिंक असताना ऐकायची तरी काय गरज? यंत्र स्वतःच जुळवतं."

बाबांनी दुकानदाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं. मग हेडफोन काळजीपूर्वक जागेवर ठेवला आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं, साहेब."

इथं तिनं एक प्रश्न विचारायला हवा होता. तुम्हाला ते बटण कशाला हवंय, एवढाच. पण अठरा वर्षांत तिनं तो कुणालाच विचारला नव्हता, मग बापाला कुठून विचारणार! तिनं नवं यंत्र बांधून घेतलं आणि परतीच्या वाटेवर सोळा दिव्यांचे सोळा उपयोग समजावून सांगितले. बाबा तिच्या डाव्या बाजूनं चालत होते, नेहमीसारखे, आणि हं हं म्हणत होते.

घरी आल्यावर पहिले दोन-चार दिवस मजेत गेले. बाबा गाणं लावायचे, सिंक दाबायचे, दुसरं गाणं आपोआप बसायचं. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "हे सगळं यंत्रच करतं. मग मी काय करू?"

"तुम्ही मजा करा."

"हो, ते आहेच," बाबा म्हणाले.

घोडं अडलं ते मशीनच्या आवाजापाशी. सॉफ्टवेअरला त्यात ठेका सापडेना. पडद्यावरचा आकडा वरखाली उड्या मारायचा. सिंक दाबलं की गाणं बिचारं कधी फरफटत जाई, कधी ठेचकाळे. त्याचं कारण साधं होतं. मशीन जुनी होती, कागद ओढता ओढता मध्येच कुठेतरी दम घ्यायची आणि मग राहिलेलं भरून काढायची. बाबांना ते अंगवळणी पडलेलं. यंत्राला कुठून कळणार?

मग बाबा सिंक बंद करून हातानं जुळवायला बसले. हेडफोन उजव्या कानाला लावला की बाहेरचं गाणं हरवायचं. म्हणून काढायचे. काढला की आतलं हरवायचं. म्हणून परत लावायचे. लाव, काढ, लाव, काढ. असं आठ-दहा दिवस चाललं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि तिचा जीव कळवळायचा. वय झालं, हात पूर्वीसारखे चालत नाहीत, असंच तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"बाबा, बाहेरचं दुसऱ्या कानानं ऐका ना. दुकानदारानं सांगितलं होतं की."

"हो," बाबा म्हणाले, आणि पुन्हा हेडफोन काढला.

आई हात पुसत बाहेर आली. "अगं, त्यांना—" एवढंच ती बोलली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. आई मूग गिळून परत आत गेली. हे सगळं लेकीच्या डोळ्यांसमोर झालं आणि तिला काही वेगळं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी बाबा झोपले होते. तिनं लॅपटॉप घेतला, रीमिक्सचं सॉफ्टवेअर उघडलं आणि प्रश्न सोडवायला बसली. मशीनचा एकेक ठोका कापून काढला. सगळे सारख्या अंतरावर मांडले. वरती गाणं बसवलं. ते असं चपखल बसलं की सुरी घालायला फट नाही. चार तास मान वर केली नाही तिनं, आणि त्यात प्रेमच होतं, हे कबूल करायला हवं. काम झाल्यावर तिनं मूळचं कच्चं रेकॉर्डिंग पुसून टाकलं, लॅपटॉपवरूनही आणि फोनवरूनही. ऑफिसात एकदा जुन्या मसुद्यावर सह्या होऊन मोठा घोटाळा झाला होता. तेव्हापासून तिचा नियम होता, शेवटची प्रत तेवढी ठेवायची, बाकीचं उडवायचं.

बाबा उठल्यावर तिनं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"सरळ झाली की," ते म्हणाले.

"आवडलं?"

"सफाई आहे. फार सफाई आहे." त्यांनी विचारलं, "मग आता मी काय करायचं?"

"सुरू करायचं बटण दाबायचं फक्त. सगळं एकाच फाइलमध्ये आहे. चकत्यांवर हात ठेवून उभे राहा, मधूनमधून हलवा. कुणाला कळणार पण नाही!"

हे ती खरोखर बोलली. नंतर किती तरी दिवस हे वाक्य आठवलं की ती जिथं असेल तिथं डोळे घट्ट मिटून घ्यायची.

बाबांनी वाद घातला नाही. कुठे हात हलवायचा ते पाठ व्हावं म्हणून पुढचे तीन आठवडे ते दिवसातून चार-चार वेळा ती फाइल लावायचे आणि आवाज न होणाऱ्या चकत्या फिरवायचे. कामाला हयगय करणं त्यांना जमत नव्हतं, खोटं असलं तरी.

संमेलन छापखान्याच्याच मोठ्या खोलीत झालं. मशीन कोपऱ्यात उभी होती, अर्धे भाग आधीच सुटे केलेले. साठ-सत्तर माणसं जमली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलामागे उभे राहिले, बटण दाबलं, ठोके सुरू झाले, वरून गाणं आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही नाचले. बाबांचे हात पाठ केल्याप्रमाणे हलत होते. ती भिंतीला टेकून कौतुकानं फोटो काढत होती.

गाणं संपलं तसा एक जाडसर माणूस, पूर्वी कागद कापायच्या यंत्रावर असायचा तो, बाबांच्या डावीकडून आला आणि काहीतरी बोलला. बाबा समोरच बघत राहिले. तो पुन्हा बोलला. तेवढ्यात पलीकडून म्हातारा बाइंडर ओरडला, "अरे, उजवीकडून बोल! डावा बंद आहे त्याचा, विसरलास काय?"

"च्यायला, विसरलोच," म्हणत तो माणूस वळसा घालून उजवीकडे गेला. बाबा हसून त्याच्याशी बोलू लागले. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिनं बाइंडरला गाठलं. "काका, डावा बंद म्हणजे?"

"कान गं. बावीस वर्षं झाली असतील. तापात फुटला, तो गेलाच." बाइंडरनं तिच्याकडे नीट बघितलं. "तुला माहीत नाही? घरचीच ना तू?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग त्यानंच सांगितलं. मालकाला कळलं असतं तर बाबांना मशीनवरून काढून गठ्ठे बांधायला बसवलं असतं. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं. डावीकडून त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मालक फेरीला आले की कुणीतरी बाबांच्या उजव्या अंगाला उभं राहायचं आणि काय विचारलं ते मोठ्यानं परत म्हणायचं. बावीस वर्षांतली अठरा वर्षं पन्नास माणसांनी ते पाळलं होतं.

"एक सांगू?" बाइंडर म्हणाला. "झकास झालं सगळं. पण मशीन काही ओळखू आली नाही हं. आपली जरा अडखळायची ना."

ते बारकं बटण, दुकानात मिटलेले डोळे, लाव-काढ लाव-काढ, सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं. बाबांना दुसरा कान मोकळा ठेवता येत नव्हता, कारण तो नव्हताच. दोन्ही गाणी एकाच कानात ऐकू देणारी एक वस्तू त्या दुकानात होती, ती त्यांनी स्वतः शोधून हातात धरली होती, आणि तिनं ती खाली ठेवायला लावली होती. ते नेहमी तिच्या डावीकडून चालायचे, जेवताना डाव्या हाताला भिंत येणारी खुर्ची सोडत नसत, आणि तिला वाटायचं, म्हाताऱ्याचा हट्ट!

घरी आल्यावर तिनं आईला आत नेऊन विचारलं, "तू का नाही सांगितलंस मला?"

"ह्यांनी नको म्हटलं होतं."

"अगं, पण निवृत्त झाल्यावर तरी?"

आई भांडी लावत होती. हातातली ताटली तिनं फळीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणाले, राहू दे, ती फुली मारेल."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि नवं यंत्र घेऊन दुकानात गेली. फाइल नेली नाही. दुकानदारानं काही न विचारता ते जुन्या घाटाचं जड यंत्र काढून दिलं. संध्याकाळी तिनं ते टेबलावर मांडलं, हेडफोन जोडला आणि बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाली, "बाबा, मला माफ करा."

बाबांनी यंत्राकडे बघितलं आणि ओळखलं, बातमी फुटली. "बाइंडरच्या पोटात काही राहत नाही," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

दहा मिनिटंही लागली नाहीत. हेडफोन उजव्या कानाला, एक हात बटणावर, एक चकतीवर. दोन गाणी एकमेकांत अशी गेली की स्वयंपाकघरातून आई बाहेर येऊन उभी राहिली. लहानपणी टेबलाखाली बसून ऐकायची, तसं लेकीला ऐकू आलं. ती रडली आणि तिनं ते लपवलंही नाही.

"आता ते मशीनचं दे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पोरासारखा. "आता बसवतो बघ त्याच्यावर. तू सरळ केलेलं नको, पहिलं दे. कच्चं."

ती हेडफोनची वायर उगाच सरळ करत राहिली.

"काय गं?"

"ते नाहीये, बाबा. मी पुसलं."

त्या दिवशी दुकानातून परत येतानाच तिनं सगळीकडे शोधलं होतं. लॅपटॉपच्या जाणकाराला दाखवलं, फोनच्या दुकानात जाऊन आली. छापखान्यात फोन केला तर कळलं, भंगारवाला सकाळीच मशीन घेऊन गेला. हे सगळं तिनं त्यांना सांगितलं, एकही कारण न देता. ह्या वेळी कारण देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असू दे. त्यात काय! एकतीस वर्षं ऐकलीय मी. मी टेबलावर वाजवून दाखवतो, तू टेप कर. त्यावर बसवू."

तिनं फोन समोर धरला. बाबांनी हेडफोन काढला, बाह्या वर सारल्या आणि तळहातानं टेबलावर ठेका धरला. ठक, ठक, ठक, ठक. नेमका, खणखणीत. पाव मिनिटानं ते थांबले.

"नाही. इथं कुठंतरी थांबायची ती. परत घेतो."

परत सुरू केलं. ह्या वेळी डोळे मिटून. ठक, ठक, ठक, ठक. एका ठिकाणी त्यांनी हात मुद्दाम उशिरा टेकवला, आणि त्यांनाच ते खोटं वाटलं. मानेनं नाही म्हणत ते तिसऱ्यांदा लागले. ठोके सरळ येत होते, सारख्या अंतरावर, तिनं त्या रविवारी मांडले होते तसेच.

"मोजलं नाही गं कधी," ते म्हणाले. "हात आपोआप जायचा. आता तीन आठवडे तुझंच ऐकलं ना, तेच बसलंय डोक्यात."

"आठवेल, बाबा. उद्या परत बघू."

"हो, बघू की," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला.